डांबर संपल्यावरचे साडू

मला मराठी चांगलं येतं, या एकाच कारणाने आमच्या साडूंची गाडी पाण्यात गेली.

वाळवंटाच्या देशात गाडी पाण्यात घालवायला निराळी अक्कल लागते. ती माझ्याकडे होती. पण माझ्या अकलेची हकिगत सांगण्याआधी साडूंबद्दल सांगायला हवं. अबुधाबीपासून फुजैरापर्यंत अख्ख्या अमिरातीत आमच्या साडूंनी चाक घातलं नाही असा एकही कच्चा रस्ता नव्हता, आणि असलाच तर तो रस्ता नसून बकऱ्यांचा गैरसमज होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पाटण तालुक्यातले, भर झाडीतल्या गावचे. पंप दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. पहिली नऊ वर्षं ते रुवैसला रिफायनरीत एकटे राहिले, मग शारजाला बदली झाली तेव्हा मेहुणीला आणि मुलीला घेऊन आले. रुवैसबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "नऊ वर्षांत एकच झाड होतं बघा तिथं. तेबी मेसमधलं, प्लॅस्टिकचं. मी जेवण झालं की ओल्या रुमालानं पुसायचो त्याला."

या नऊ वर्षांचा वचपा त्यांनी पुढे दर शुक्रवारी काढला. गाडी चौकोनी, पांढरी, चारही चाकांना जोर असलेली, आणि कुठल्याशा बांधकामावर आयुष्य काढून निवृत्त झालेली. तिला ते 'म्हस' म्हणत. शुक्रवारी उजाडताच म्हस शारजाहून निघायची, धैदच्या पुढे डोंगराच्या दिशेने चालायची, आणि तोवर साडू न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे मान ताठ, हनुवटी वर, कोणाशी न बोलता गाडी हाकायचे. डांबर त्यांना मानवतच नसे. मसाफीच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी एकदम उजवीकडे वळून गाडी खडीत उतरली की त्यांचा चेहरा सुटायचा. लगेच पायातल्या चपला काढून सीटखाली सारायचे, देवळात शिरताना काढतात तशा. मग खाली उतरून चारही चाकांपाशी एकेकदा उकिडवे बसायचे आणि काडीने हवा सोडायचे, म्हणजे टायर मऊ होतात आणि दगडावर चिकटून चालतात. हवा किती सोडायची याला त्यांच्याकडे मीटर नव्हता. डोळे मिटून, कान चाकाशी नेऊन ते तो फुस्स आवाज ऐकत, आणि एका क्षणी म्हणत, "बास. आता जेवल्यासारखी झाली."

मी दुबईत नवा होतो तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं. "पावणं, शुक्रवारी जंगलात जाऊ." जंगल म्हटल्यावर मी तयारीनिशी गेलो. पायात पॉलिश केलेले बूट, गळ्यात उसना कॅमेरा, आणि बायकोने पिशवीत स्वेटर घातलेला. दोन तास गाडी दगडांवरून उड्या मारत राहिली आणि शेवटी थांबली तिथे सहा बाभळी होत्या. मी बाभळी मोजल्या आणि विचारलं, "जंगल अजून लांब आहे?" साडूंना ते लागलं नाही. त्यांनी शांतपणे चटई पसरली आणि मला त्यांची व्याख्या सांगितली. ज्याची सावली एका माणसाला पुरते ते झाड, दोघांना पुरते ती राई, आणि जिथे चौघांना आडवं होता येतं ते जंगल. मग मला आडवं व्हायला लावून त्यांनी ते सिद्ध करून दाखवलं. त्या दिवशी मी बाभळीखाली जो झोपलो तसा अजून कुठे झोपलेलो नाही. बुटाचे तळवे मात्र तिथेच राहिले.

तिथल्या झाडांना ते अरबी नावं लागू देत नसत. गाफ म्हणजे आपली शमी, सिद्र म्हणजे बोर, समर म्हणजे बाभूळ. "इथं नोकरीला आली म्हणून काय नाव बदलायचं?" असा त्यांचा सवाल असे. दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी ते एका ठरावीक शमीखाली जाऊन उभे राहात, तिच्याशी दोन शब्द बोलत, आणि खाली पडलेली डहाळी तेवढी उचलून आणत. जिवंत फांदीला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांच्या इमारतीतल्या आठ मराठी घरांत वर्षानुवर्षं ते सोनं वाटलं गेलं.

रस्ता सांगण्याची त्यांची पद्धतही त्यांचीच. नकाशा ते मानत नसत. "तिसऱ्या बाभळीला डावीकडं. मग एक गाढव उभं असंल. त्याचं तोंड जिकडं असंल त्याच्या उलट जायाचं." एकदा ते गाढव बसलेलं निघालं आणि आम्ही दीड तास चुकलो. साडूंनी त्याचा दोष गाढवाला दिला नाही. म्हणाले, शुक्रवार आहे, त्यालाबी सुट्टी असंल. त्यांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची, शाळेतून कोरं इंग्रजी घेऊन आलेली. मागच्या सीटवरून ती गंभीरपणे म्हणायची, "बाबा, धिस इज नॉट अ रोड." साडू आरशात बघून म्हणायचे, "नसंल. आपण गेलो की हुईल."

आणि ते खरंच व्हायचं. झेंडे लावलेल्या, वॉकीटॉकीवर बोलणाऱ्या नव्या कोऱ्या गाड्यांचे तांडे आमच्या शेजारून धुरळा उडवत जायचे. आम्हांला तर बकऱ्याही मागे टाकून जायच्या. तासाभराने त्याच गाड्या कुठेतरी खडीत पोटापर्यंत रुतलेल्या सापडायच्या, आणि साडू उतरून, काही न बोलता, त्यांच्या चाकांशी उकिडवे बसून काडी लावायचे. गाड्या निघायच्या. सुटाबुटातली माणसं हात मिळवायला यायची, तेव्हा साडू आपला हात सदऱ्याला पुसून पुढे करायचे आणि डब्यातली भाकरी आणि ठेचा त्यांच्यापुढे धरायचे. एका गोऱ्या साहेबाला ठेचा लागला तेव्हा त्याला पाणी पाजून, पाठीवर थोपटत साडू म्हणाले, "खलास, खलास, हबीबी. आता डोंगर चढायला येतोय बघ."

अशा माणसाचे नियम फार नसतात. साडूंचा एकच होता. डोंगरात शिरताना जो पहिला माणूस दिसेल त्याला पुढची वाट विचारायची, मग ती वाट आपल्याला पाठ का असेना. "रस्ता त्याच्या दारावरनं जातोय, आपल्या नाही. त्याला दिसतंय ते आपल्याला दिसत नाही." त्यांना अरबी चाळीसएक शब्द येत, पण एकही चुकीच्या जागी पडत नसे. मला शंभर येत. माझी नोकरीच शब्दांची. साहेब दोन ओळी बोलला की त्याचं दीड पानी पत्र करायचं, हे माझं काम. या सवयीचा संबंध पुढे येणार आहे.

आता मेहुणी. ती कधी डोंगरात आली नाही. शुक्रवारी ती घरी थांबे आणि संध्याकाळी सहाला साडूंच्या गाडीचा आवाज येईपर्यंत घासलेली भांडी पुन्हा घाशी. डोंगरात फोन लागत नसे. दोनदा असं झालं की आवाज आला तो दुसऱ्याच गाडीचा, आणि म्हस तिच्यामागे दोरीला बांधलेली. एकदा खडीत रुतली होती, एकदा आस मोडला होता. दुसऱ्या वेळी मेहुणी खाली पार्किंगमध्ये आली, म्हशीभोवती एक चक्कर मारली, आणि साडूंना म्हणाली, "तिसऱ्यांदा दोरीला बांधून आली तर विकायची. मी सहा वाजल्यापासून काय काय मनात आणते ते तुम्हांला सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही आजच विकाल." साडू म्हणाले, "बरं." मेहुणी एक गोष्ट दोनदा बोलणारी नव्हती, हे आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं. त्यानंतर साडू दोन जॅक, दोन जादा चाकं आणि पाण्याचे चार कॅन टपावरच्या कॅरियरला दोराने बांधून नेऊ लागले. काही झालं तरी म्हस स्वतःच्या पायांनी घरी आली पाहिजे, एवढीच त्यांची काळजी होती.

तो शुक्रवार जानेवारीतला. मुलीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून आम्ही दोघेच. साडूंना एक नवी वादी सापडली होती. अरबीत वादी म्हणजे डोंगरातल्या नदीचं कोरडं पात्र. आपल्याकडे वादी म्हणजे कोर्टात हेलपाटे घालणारा. या नव्या वादीत वरच्या अंगाला बोरींचं 'जंगल' आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. वादीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. साडूंनी वर बघितलं. आभाळ निळं, स्वच्छ. समोरच्या उंच कड्यामागे काय आहे ते मात्र दिसत नव्हतं. ते हवा सोडायला बसले आणि मला म्हणाले, "पावणं, तेवढं बाबांना विचारून या."

बाबा म्हणजे तिथल्या एकुलत्या एका घरासमोर बकऱ्यांना चारा घालत असलेला म्हातारा अरब. मी सलाम केला आणि माझ्या शंभर शब्दांतले दोन निवडून विचारलं, "तरीग झेन?" रस्ता ठीक? म्हाताऱ्याने मान हलवली आणि काठी उचलून माझ्या मागे, आमच्या गाडीच्या दिशेने वर रोखली. "सैल," तो म्हणाला. "सैल, सैल."

मी थक्क झालो. वळून बघितलं तर त्याची काठी बरोबर टपावरच्या कॅरियरकडे होती, आणि तिथे दोराचं एक टोक खरोखरच लोंबत होतं. मला भरून आलं. कुठला हा डोंगर, कुठला हा म्हातारा, आणि तोंडात शब्द कुठला. ढीला नाही, लूज नाही, सैल. म्हातारा आणखीही पुष्कळ बोलत होता, पण ते अरबी होतं, म्हणून मी सोडून दिलं. त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन मी शुक्रन म्हणालो आणि जवळजवळ पळत आलो.

"साडूभाऊ, म्हातारा मराठी बोलतो."

"काय सांगता."

"अगदी स्वच्छ. म्हणाला, दोर सैल आहे."

आता म्हातारा 'दोर' म्हणाला नव्हता. 'आहे' तर नव्हताच म्हणाला. पण अर्धं वाक्य तसंच ठेवून देणं माझ्या हाताला जमत नाही. साडू म्हणाले, "असंल. हिकडची जुनी माणसं व्यापाराला मुंबईला जायची म्हणत्यात." त्यांनी दोराला हात लावून पाहिला. सैल होता. घट्ट बांधला. मग म्हाताऱ्याकडे बघून त्यांनी आभाराचा हात वर केला. म्हातारा दोन्ही हात हलवत होता. मीही दोन्ही हात हलवले. आम्ही आत गेलो.

वीसेक मिनिटांनी बोरी आल्या. खरंच आल्या, आणि एक-दोन नाही, वळणावर दोन्ही काठांना रांगेने. साडूंनी इंजिन बंद केलं आणि अनवाणीच खाली उतरले. एका बोरीच्या खोडाला तळहात टेकून उभे राहिले. मग खाली पडलेलं एक बोर उचलून, फुंकून, तोंडात टाकलं. मी फोटो काढायला गाडीतून कॅमेरा घेतला. तेवढ्यात कुठेतरी लांब ट्रक चालल्यासारखा आवाज आला. साडूंनी बी थुंकली.

"पावणं, म्हातारा नक्की काय म्हणाला?"

"सांगितलं की. दोर सैल आहे."

"त्याचा शब्द सांगा. तुमचा नको."

"सैल."

"आणि दोर?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा नीट केला. "दोर मी घातला."

साडूंनी माझं मनगट धरलं आणि मला दरडीवर ओढायला सुरुवात केली. मी बूट सरकतात म्हणत होतो. ते 'चढा' एवढंच म्हणत होते. आम्ही दोन पुरुष उंचीवरच्या खडकावर पोचलो आणि खाली वळणावरून पाणी आलं. तांबडं, काटक्या आणि एक अख्खी पत्र्याची टाकी पुढे ढकलत. त्याने म्हशीला आधी नुसतं हुंगल्यासारखं केलं, मग कुशीला धरून उचललं, गोल फिरवलं, आणि खालच्या बोरीत नाक खुपसून ठेवलं. टपावरचं सामान तसंच होतं. दोर अजिबात सैल झाला नव्हता.

"अरबीत सैल म्हणजे लोंढा," साडू म्हणाले. "डोंगरापलीकडं पाऊस झाला की येतोय."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. खाली त्यांच्या सगळ्या शुक्रवारांचं काय झालं ते मला दिसत होतं, आणि संध्याकाळी सहाला काय होणार तेही. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पण दोर खरंच सैल होता, पावणं. तुमचंबी काय खोटं नव्हतं." आणि मग मी पाहिलं की हा माणूस गाडीकडे बघतच नव्हता. तो पाण्याकडे बघत होता. इतकी वर्षं ज्या कोरड्या दगडांवरून तो फिरला होता, ती नदी त्याला पहिल्यांदाच नदी म्हणून दिसत होती. चार तास आम्ही त्या खडकावर बसलो. तेवढ्या वेळात त्यांनी मला पाण्याचा रंग कुठे बदलतो, कुठल्या बोरीची मुळं धरून ठेवतात, आणि त्यांच्या गावचा ओढा आषाढात कसा वाजतो, ते सगळं दाखवलं, आणि ऐकवलं.

पाणी उतरल्यावर म्हातारा आपला पिकअप घेऊन आला. मला बघताच काठी उगारून म्हणाला, "अना गुल्त लक, सैल!" तुला सांगितलं होतं. साडूंनी मध्ये पडून त्याला शांत केलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट करून त्यांना 'मजनून' असा एक शब्द सांगितला. तो वेड्यासाठीचा शब्द मात्र मला बरोबर कळला. मग त्याने म्हशीला दोर लावला आणि आम्हांला थेट शारजापर्यंत ओढत आणलं. मोबदल्याचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

मेहुणी खालीच उभी होती. दिवे नुकते लागले होते. साडू चिखलाने भरलेल्या अनवाणी पायांनी उतरले. चपला वादीत गेल्या होत्या. मी मागे, ओली चटई छातीशी धरून.

"माझा अंदाज चुकला," साडू म्हणाले. "आभाळ बघायचं राहिलं."

मेहुणीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोन ओळींचं दीड पान करणाऱ्या माणसाला त्या वेळी अर्धी ओळ सुचली नाही. ती म्हणाली, "ठरल्याप्रमाणे विकायची," आणि वर गेली.

मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोललं तर गाडी चालेल. महिनाभर म्हस गॅरेजात उभी राहिली, आणि मग एका पठाणाने ती घेतली. साडू एका शब्दाने कुरकुरले नाहीत. शुक्रवारी ते इमारतीमागच्या दोन कडुनिंबांना बादलीने पाणी घालू लागले. मी माझी छोटी गाडी घेऊन त्यांना एकदा हट्टाने डोंगराकडे नेलं. ती डांबर सोडून हातभरही उतरेना. साडू काच खाली करून बसले होते, मान ताठ. जिथे वळायचो ती खडीची वाट बाजूने निघून गेली. मला वाईट वाटू नये म्हणून ते म्हणाले, "इथलं डांबर लई छान केलंय हो." परतताना मी गाणी लावली, म्हणजे बोलायला नको.

आणखी दोन वर्षांनी नोकरी संपवून ते कायमचे पाटणला निघाले. सामान बांधायला आम्ही नवराबायको गेलो होतो. साडू खाली कडुनिंबांना शेवटचं पाणी घालायला गेले होते, एकटेच, आणि त्यांना बराच वेळ लागत होता. मला राहवलं नाही. मेहुणी पेट्या आवळत होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हातारा, काठी, 'सैल', आणि मी पदरचा घातलेला दोर. सांगताना माझ्या नेहमीच्या सवयीने ते रंगलंही असावं, कारण माझी बायको हसत होती. मेहुणी हसली नाही.

"आभाळ बघायचं राहिलं म्हणाले, तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "हा माणूस दूध आणायला जाताना आभाळ बघतो. कोणाला तरी पाठीशी घालतायत एवढं कळलं. आणि त्यांच्याबरोबर तुम्हीच होता."

"मग गाडी का विकायला लावलीत, ताई?"

"महिनाभर थांबले होते ना. मेकॅनिकला सांगून ठेवलं होतं, घाई करू नको. म्हटलं, दाजी आज येतील, उद्या येतील, एक शब्द बोलतील. बोलला असतात तर मीच म्हणाले असते, दुरुस्त करा." तिने पेटीची दोरी गुडघा लावून ओढली. "नको तिथं एक शब्द जादा घातलात, दाजी, आणि पाहिजे होता तिथं मिठाची गुळणी धरलीत. उठा आता त्या पेटीवरनं, ह्यांचे कपडे आहेत आत."